टायर पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्या कोणी म्हणून ठेवलं आहे त्याचा मेव्हणा पिकअप चालवत नसावा. नाहीतर तिसरं वाक्य त्याने नक्की जोडलं असतं. माझा चालवतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणवरून वाशीच्या मार्केटात नेऊन टाकायचे, हा त्याचा धंदा. या धंद्यात माझा वाटा एवढाच, की गाडीच्या कर्जाच्या कागदावर 'जामीनदार' या शब्दापुढे जी वळणदार सही आहे ती माझी आहे. बँकेत बसून वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जामीनदारांना नोटिसा धाडत आलो, त्यामुळे त्या सहीचा अर्थ मला नको इतका ठाऊक आहे. तेव्हा मेव्हण्याच्या टायरात मी नाक का खुपसलं, असं कोणी विचारू नये. नाक माझं असलं तरी त्याच्यावर बोजा पतपेढीचा आहे.

तर पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या गाडीचे चारही टायर गोटा झाले. मेव्हणा तसा सरळ माणूस. भाजी घेताना देठ मोडून बघतो, मुलीला स्थळ बघताना तीन गावं चौकशी करतो. पण टायर म्हटलं की त्याच्या अंगात पैलवान संचारतो. "दाजी, चारी बाजूंनी लग टाकू. गाडी कसली दिसते राव!"

ज्यांना लग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग म्हणजे ज्याच्या अंगावर रबराचे हाताएवढे ठोकळे असतात तो टायर. चिखलात, नांगरटीत, खाणीच्या रस्त्यावर तो देवासारखा उपयोगी पडतो. ज्याच्या अंगावर सरळ लांब रेषा असतात तो रिब. तो डांबरी रस्त्यासाठी. मेव्हण्याची गाडी वर्षातले तीनशे दिवस डांबरावर नाहीतर काँक्रीटवर असते आणि चिखल तिला फक्त मार्केटच्या गेटात भेटतो. तरी त्याला लग हवा, कारण गाडी 'दिसते'. माझं भांडण या 'दिसते'शी आहे. महाराष्ट्रातली निम्मी कर्जं या एका क्रियापदाने बुडाली असावीत असा माझा नोटिसा लिहिता लिहिता झालेला ग्रह आहे.

आता टायर डिझेल कसं पितो ते ऐका. मी कॉमर्सचा माणूस, पण हे मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की सुटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे दबणं-सुटणं चालूच. आणि रबराचा स्वभाव थेट नातेवाइकांसारखा: दबताना जेवढी शक्ती उसनी घेतं तेवढी सुटताना परत करत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. वाशीहून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा, गरम लागेल. ते तुमचं डिझेल आहे. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. लगचे उंच ठोकळे डांबरावर प्रत्येक फेऱ्यात वाकतात, मुरडतात, त्यात रबरही जास्त, म्हणून ही उधारीही जास्त, वर गुणगुणण्याचा आवाज वेगळा. जुन्या पद्धतीच्या नायलॉन टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके एकमेकांवर घासतात. रेडियलमध्ये ते आडवे असतात, वर पोलादी पट्टा असतो, म्हणून तो थंड चालतो. मिशेलिनने असा टायर १९४९ साली विकायला काढला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि मेव्हणा मला 'नवीन फॅशन' म्हणून त्याच्यापासून सावध करत होता.

"पण दाजी, जोडामागे पाच हजार जास्त!"

इथे मी खिशातलं पेन काढलं. हिशेबापुरतं धरा: डिझेल ₹९०, गाडीचं ॲव्हरेज बाराचं. (ॲव्हरेज म्हणजे बेरीज भागिले संख्या, असं मला शिकवलं होतं, एका लिटरात किती किलोमीटर याला ॲव्हरेज का म्हणतात हे कोणी बी.कॉम.ला सांगितलं नाही.) टायरचा एक जोड पन्नास हजार किलोमीटर चालला, तर तेवढ्या रस्त्यात डिझेल जळणार ₹३,७५,०००चं. चार टायरची किंमत तीस हजारांच्या आसपास. म्हणजे जी वस्तू घेताना आपण दुकानात तासभर घासाघीस करतो, ती घरी आल्यावर स्वतःच्या किमतीच्या बारापट डिझेलवर हुकूम चालवते. रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी उतरला तर इंधन साधारण एक ते दोन टक्के वाचतं, असं तज्ज्ञ सांगतात. मी भित्रा कारकून. दोन टायरमधला फरक वीस टक्के धरून मधला आकडा घेतला, तीन टक्के. झाले ₹११,२५०. त्यातून ते पाच हजार वजा करा. सहा हजारांवर शिल्लक राहिली, आणि ती कुठल्याही ठेवीवर मिळत नाही; आमच्या बँकेत तर नाहीच.

"हिशेब बरोबर आहे," मेव्हणा म्हणाला, "पण गाडी बायकी दिसेल."

शेवटी दुकानात गेलो. दुकानदाराने चहा मागवला आणि एका टायरला दोन थापट्या मारल्या. थापटी मारून माल पक्का ठरवण्याची ही रीत कलिंगडावरून आली असावी. मी विचारलं, "याचा रोलिंग रेझिस्टन्स कसा आहे?" तो म्हणाला, "साहेब, ती कंपनी आम्ही ठेवत नाही."

आता याला काय म्हणावं? घरात फ्रीज घ्यायचा तर हाच माणूस दारावरचे तारे मोजतो, चारचा असेल तर पाचचा का नाही म्हणून भांडतो. ज्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने फ्रीजला तारे लावले, तिनेच टायरलाही तारांकन आणलं आहे. सरकारने २०२२ साली रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींची मानकं टायरला लागू करणारी अधिसूचना काढली. युरोपात २०१२पासून टायरवर फ्रीजसारखं लेबल लागतं. आणि आमच्याकडे टायर घेताना विचारायचे प्रश्न दोनच: गॅरंटी किती, आणि जुने टायर किती घेता?

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री आला. मिस्त्री हा माझा खरा प्रतिस्पर्धी, कारण तो बोलला ते खरं होतं. "साहेब, ॲव्हरेजच पाहिजे तर गोटा टायरच बेस्ट. नवा टायर नेहमी कमी देतो." शंभर टक्के बरोबर! झिजलेल्या टायरवर रबरच कमी, म्हणून वाकायला काही उरत नाही. पण मिस्त्रीबुवा, जुलै महिन्यात माळशेजच्या वळणावर धबधबा रस्त्यावरच उतरलेला असतो, तेव्हा हा तुमचा बेस्ट टायर पाण्यावर पाट्यासारखा घसरतो. टायरच्या खाचांत झिजेची खूण म्हणून छोटे उंचवटे असतात; नक्षी तिथवर, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. ॲव्हरेज आणि पकड यांचं एके काळी वाकडं होतं हे मान्य. एक वाढवा की दुसरी घटे. पण रबरात काजळीच्या जोडीला सिलिका घालून १९९२ साली मिशेलिनने दोघांची सोयरीक जमवून दिली. म्हणून माझं म्हणणं, लेबल पाहायचं ते दोन्ही गोष्टींचं. नुसत्या ॲव्हरेजच्या मोहाने मोटारीचा नाजूक टायर पिकअपला घालणारेही मी पाहिले आहेत. टायरवर वजनाचा आकडा लिहिलेला असतो तो काही शोभेला नाही.

मिस्त्रीने तडजोड काढली: पुढे रिब, मागे लग, दाजीही खूश, मालकही खूश. मी म्हटलं, टोमॅटो पुढे ठेवतोस का रे? भरलेल्या पिकअपचं बहुतेक वजन मागच्या चाकांवर. जिथे वजन जास्त तिथेच रबर जास्त दबणार, आणि तिथेच तू ठोकळे लावणार!

चारही रिब रेडियल घेतले. त्यांच्यावरचे शेवटचे चार आकडे मी स्वतः वाचले. २२२४ असेल तर २०२४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला जन्म. मेव्हणा वैतागून म्हणाला, "एवढी पत्रिका तुम्ही ताईची पण बघितली नव्हती."

आठ दिवसांनी फोन. "दाजी, ॲव्हरेज पडलं की!"

माझ्या डोळ्यांपुढे नोटीस उभी राहिली, आणि तीही माझ्याच अक्षरातली. मिस्त्री म्हणाला होताच, नवा टायर कमी देतो, तरी एवढं? मी विचारलं, "हवा किती आहे?"

"पंपावरच्या पोऱ्याने लाथ मारून बघितली. ठीक आहे म्हणाला."

पंपावर हवा फुकट मिळते, म्हणूनच बहुधा तिला कोणी किंमत देत नाही. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबणार, म्हणजे जास्त तापणार, मग तो पाच हजार जास्त देऊन घेतलेला असो की पंधरा. मी त्याला सकाळी, गाडी थंड असताना, मीटर लावायला लावलं. मागचे दोन्ही टायर बारा बारा पौंडांनी कमी निघाले. हवा भरली. पुढच्या आठवड्यात कळलं, ॲव्हरेज जुन्या गोटा टायरांइतकं आलं आहे, आणि हे नक्षी पूर्ण असताना.

"मग दर आठवड्याला मीटर लावायचा," मी जामीनदाराच्या आवाजात म्हणालो.

"लावतो. तुमच्या स्कूटरला कधी लावला होता, दाजी?"

मी काही बोललो नाही. खाली गेलो. मागचा टायर चपातीसारखा बसला होता, आणि बाल्कनीतून ही विचारत होती, "अहो, आज बस नं किती?"