ओस हौद आणि नवे पाहुणे

समुद्रकांठच्या बंद पडलेल्या कारखान्यांना हॉटेलांचें रूप देण्याची टूम गेल्या कांहीं वर्षांत पाश्चात्य देशांत बरीच फोफावली आहे. टूम म्हटली कीं आमच्या वाचकांपैकीं वडीलधारी मंडळी नाक मुरडणार, हें आम्ही जाणून आहों. परंतु हिच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो परका नव्हे. वाडवडिलांनीं बांधलेली, पण ज्या कामासाठीं बांधली तें कामच आतां उरलेलें नाहीं, अशा वास्तूचें काय करावें? हा प्रश्न आज किती तरी कुटुंबांपुढें आहे. म्हणून या महिन्यांत वाचकांना थोडें दूर, ग्रीस देशांत, घेऊन जाण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या इलिया प्रांतांत, अमालियादा गांवाजवळ कुरुता नांवाची पुळण आहे. प्राचीन ऑलिंपियाही याच प्रांतांतलें. या पुळणीवर, अगदीं लाटांच्या तोंडाशीं, १९२० नंतरच्या दशकांत मद्याचा एक कारखाना उभा राहिला. काँक्रीटच्या बंद हौदांच्या दोन लांब रांगा आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत पोलादाच्या दोन उंच टाक्या, एवढाच त्याचा पसारा. मद्य तयार झालें कीं नळांवाटें तें थेट किनाऱ्याला लागलेल्या जहाजांत सोडीत. कारखाना समुद्राला इतका चिकटून बांधण्याचें कारण हेंच.

पण हे हौद बांधण्याची वेळ कां आली, ही हकीकत अधिक बोधप्रद आहे. त्या भागाचें खरें धन म्हणजे बारीक काळ्या मनुका. कॉरिंथ शहरावरूनच इंग्रजींत त्यांना ‘करंट’ हें नांव पडलें. १८६० नंतर फ्रान्समधील द्राक्षवेलींवर अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्झेरा नांवाच्या किडीनें धाड घातली. मुळें पोखरलीं गेलीं, मळे वाळले, आणि फ्रेंच व्यापारी मद्य करण्यासाठीं ग्रीक मनुका मागतील त्या भावानें उचलूं लागले. ग्रीक शेतकऱ्यांनीं ऑलिव्हचीं झाडें तोडून द्राक्षवेली लावल्या, कर्ज काढून लावल्या. पुढें किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन मुळांवर कलमें बांधून फ्रान्सनें आपले मळे सांवरले आणि १८९२ सालीं परदेशी मालावर जबर जकात बसविली. १८९३ सालीं मनुकांचे भाव कोसळले, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत ग्रीक सरकारानेंच दिवाळें काढलें. १८९५ पासून मालाचा कांहीं भाग सरकारनें अडकवून ठेवण्याचा कायदा झाला, तरी हजारों तरुणांना अमेरिकेची वाट धरावी लागली. शिल्लक मनुकांचें मद्य व मद्यार्क काढणें हा त्या संकटांतून निघालेला एक तोडगा होय. एकाच पिकावर आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळा संसार टांगला म्हणजे काय होतें, हें तासगांव-सांगलीकडील बेदाणा पिकविणाऱ्या आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नको.

पुढें तोही धंदा मावळला. कारखाना कित्येक दशकें ओस पडला. अखेर तो घेणाऱ्या मालकांनीं अथेन्स येथील के-स्टुडिओ या वास्तुशिल्पी मंडळीच्या हातून त्याचें हॉटेल करविलें. तें २०१९ सालीं उघडलें. त्याचें नांव ‘डेक्सामेनेस’. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘हौद’! मद्याच्या हौदांत निजण्यासाठीं लोक पदरचे पैसे मोजतात हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांच्या घरीं उपरणें नाकाशीं जाईल. तथापि केलेलें काम मात्र पाहण्यासारखें आहे.

हौदाला ना दार, ना खिडकी. तेव्हां पहिलें काम म्हणजे जाड भिंती करवतीनें कापून दारें पाडणें. प्रत्येक हौदाची लांबीरुंदी साधारण ६ व ५ मीटर. तेवढ्यांत एकेक खोली बसविली. अशा एकूण ३४ खोल्या झाल्या. भिंतींना गिलावा केला नाहीं, रंगही दिला नाहीं. त्यांवर उमटलेले जुने डाग तसेच राखिले. कापून निघालेलें काँक्रीटही फेंकून न देतां घासून-पुसून खोल्यांपुढील अंगणांत फरशी म्हणून वापरलें. मधल्या दोन पोलादी टाक्या हालविल्या नाहींत. त्यांच्या भोंवतीं उथळ पाणी खेळविलें.

हें वाचून कोणास वाटेल, कांहीं न करण्यालाच हे लोक कला म्हणतात कीं काय! तसें नाहीं. खाऱ्या हवेंतील क्षार काँक्रीटच्या आंत झिरपतात आणि सळयांना गंज चढवितात. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें आंतून दाब येऊन काँक्रीट तडकतें व त्याचे पोपडे सुटतात. अशी वास्तु दिसते तशी ठेवायची तर प्रत्येक भिंत ठोकून तपासावी लागते. जुनें जसेंच्या तसें दिसावें यासाठीं नव्याहून अधिक मेहनत पडते.

आतां दुसरी बाजू. वास्तु राहिली, पण तिच्यांत राबलेल्यांचें काय? कुरुतेपुरतें म्हणावयाचें तर कारखाना इतकीं वर्षें ओस होता कीं हॉटेल करतांना चालू कामावरून कोणाला उठवावें लागलें नाहीं. सगळीकडे असें नसतें. आपल्या मुंबईचेंच पहा. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि बहुतेकांना पुन्हां कामावर जाण्याचा योग आला नाहीं. १९९१ च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठीं, एक स्वस्त घरांसाठीं आणि एक मालकांसाठीं, अशी वांटणी ठरली होती. २००१ सालीं तो नियम असा बदलला कीं मुख्यतः आधींच मोकळी असलेली जमीनच वांटणींत धरावयाची. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो बदल कायम केला. लोकांचा वांटा अर्थातच आटला. आज त्या भागांत मनोरे आणि बाजार उभे आहेत, आणि मधून मधून एखादें धुराडें शोभेला राखलेलें दिसतें. धुराडें राखलें ही गोष्ट चांगलीच. पण त्याच्या सांवलींत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना तेथें घर मिळालें नसेल, तर तें धुराडें स्मारक नसून नुसती सजावट होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या दोन उदाहरणांवरून आमच्या वाचकांनीं काय घ्यावें? कोंकणांत किंवा घाटावर ज्यांचें सामायिक घर बंद आहे, अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. एक भाऊ म्हणतो विका, दुसरा म्हणतो वडिलांचें घर विकायचें नाहीं. आणि तेवढ्यांत दोन पावसाळ्यांत माडीचें छप्पर खालीं येतें. न विकण्याचा निश्चय म्हणजे जतन नव्हे. त्यांनीं प्रथम जाणत्या माणसाकडून वासे-भिंती तपासून घ्याव्या. घर किनाऱ्यावर असेल तर १९९१ पासून लागू असलेले किनारपट्टीचे नियम आधीं पहावे. पुष्कळ ठिकाणीं भरतीरेषेपासून २०० मीटरांपर्यंत नवें बांधकाम होऊं शकत नाहीं, म्हणून अधिकृत जुनें घर पाडणें म्हणजे पुन्हां न मिळणारी जागा गमावणें होऊं शकतें. नंतर सर्व हिस्सेदारांनीं एकत्र बसून उपयोग ठरवावा आणि तो कागदावर लिहून काढावा. पाहुण्यांसाठीं खोल्या असोत, वाचनालय असो वा पाळणाघर असो. घराला रोजचें काम मिळालें पाहिजे. आणि त्या घराची राखण करीत आलेल्या, अंगण सारवीत आलेल्या गांवच्या माणसांचा त्या नव्या मिळकतींत वांटा कोणता, हा प्रश्न त्याच बैठकींत विचारला जावा. बहुधा तो विचारावयाचा राहून जातो. घरांतल्या सुनांनीं तो विचारावा, असें आम्ही मुद्दाम सुचवितों. कारण वर्षानुवर्षें त्या माणसांशीं रोजचें देणेंघेणें त्यांनींच चालविलेलें असतें.