फायनान्समध्ये करिअर करायचंय? बी-स्कूल निवडताना रँकिंगच्या पलीकडे काय पाहायचं?

कॅट आणि एमबीए सीईटीचे निकाल लागले की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. बाहेरच्या राज्यातल्या एखाद्या नव्या आयआयएमला जायचं, की मुंबईत जमनालाल बजाज किंवा सिडनहॅममध्ये प्रवेश घ्यायचा? एकीकडे आयआयएमचं नाव, दुसरीकडे कमी फी. मग कुणीतरी रँकिंगचा तक्ता उघडतं आणि वरचा नंबर बघून निर्णय होतो.

पण हा तक्ता नेमकं काय मोजतो? आणि फायनान्सच्या नोकरीशी त्याचा कितपत संबंध आहे?

रँकिंगमध्ये कशाला किती गुण?

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. त्यात मॅनेजमेंट संस्थांना अध्यापन आणि साधनसुविधांसाठी ३० टक्के, संशोधनासाठी ३० टक्के, विद्यार्थ्यांचे निकाल आणि नोकऱ्यांसाठी २० टक्के, तर समावेशकता आणि लोकांमधली प्रतिमा यांना प्रत्येकी १० टक्के वजन दिलं जातं. म्हणजे संशोधनाचं वजन नोकऱ्यांपेक्षा जास्त आहे. संस्था म्हणून ते योग्यही असेल. पण इन्व्हेस्टमेंट बँका त्या कॅम्पसवर येतात का, हे यातून कळत नाही.

नावाचंही तसंच. पवईची ‘निटी’ २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, पण तिची जुनी ओळख ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनसाठी आहे. आयआयएम कलकत्ता मात्र अनेक वर्षांपासून ‘फायनान्स कॅम्पस’ म्हणून ओळखलं जातं. दोन्ही आयआयएमच, पण कंपन्यांशी असलेले जुने संबंध वेगळे.

‘बीएफएसआय’चा आकडा फसवा का ठरतो?

प्लेसमेंट रिपोर्टमध्ये बँकिंग, वित्तीय सेवा आणि विमा मिळून ‘बीएफएसआय’ असा एक गट असतो. हा गट कंपनीचं क्षेत्र सांगतो, विद्यार्थ्याचं काम नाही. बँकेत एचआरची नोकरी लागली तरी ती बीएफएसआयमध्ये मोजली जाते. विमा किंवा कर्जविक्रीच्या टीमचं टार्गेट सांभाळणाराही त्यातच येतो. उलट साबण बनवणाऱ्या कंपनीच्या फायनान्स विभागात काम मिळालं, तर ते एफएमसीजीमध्ये जातं.

त्यामुळे रिपोर्टमधलं ‘सेक्टर’ नाही, तर ‘फंक्शन’ किंवा ‘रोल’ असं लिहिलेलं पान शोधायचं. इक्विटी रिसर्च, कॉर्पोरेट फायनान्स, ट्रेझरी, रिस्क, क्रेडिट यातल्या कोणत्या कामासाठी किती जण घेतले, ते तिथे दिसतं. आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेऊन तयार केलेल्या इंडियन प्लेसमेंट रिपोर्टिंग स्टँडर्ड्स या पद्धतीनुसार दिलेल्या रिपोर्टमध्ये ही विभागणी मिळते.

सरासरी पॅकेज की मीडियन?

समजा, पाच विद्यार्थ्यांना ६०, १४, १२, ११ आणि ८ लाखांचं पॅकेज मिळालं. सरासरी निघते २१ लाख. पण पाचपैकी चौघांना त्यापेक्षा बरंच कमी मिळालंय. मधला आकडा, म्हणजे मीडियन, १२ लाख आहे. जाहिरातीत बहुतेक वेळा पहिला आकडा असतो, निर्णय घेताना दुसरा बघायचा.

फीचं गणित कसं मांडायचं?

अहमदाबाद, बंगळुरू आणि कलकत्ता या जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या वर आहे. जमनालाल बजाजमध्ये ती १० लाखांच्या आत बसते. आता २५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण ३३ हजार रुपये येतो. १० लाखांच्या कर्जावर तो साधारण १३ हजार होतो. शिक्षण सुरू असताना चढणारं व्याज यात धरलेलं नाही. १२ लाखांच्या पॅकेजमधून पीएफ, कर, व्हेरिएबल पे आणि मुंबईतलं घरभाडं वजा केलं की या दोन हप्त्यांमधला फरक जाणवतो.

इथे एनआयआरएफचा एक उपयोग मात्र होतो. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्जासाठी कोणत्या संस्था पात्र, हे ठरवताना ही क्रमवारी बघितली जाते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलतही मिळू शकते.

मुंबईत असण्याचा फायदा होतो का?

होतो. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही शेअर बाजार आणि बहुतेक मोठ्या फंड हाउसेसची मुख्यालयं याच शहरात आहेत. वर्ग संपल्यावर प्रोजेक्ट करणं, माजी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भेटणं सोपं जातं. १९६५ मध्ये सुरू झालेल्या जमनालाल बजाजच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये उदय कोटक आहेत. अशा संबंधांचं वजन रँकिंगमध्ये पुरेसं उतरत नाही.

पण नुसत्या पत्त्यावर नोकरी मिळत नाही. समर इंटर्नशिपच्या मुलाखती पहिल्या काही महिन्यांतच होतात, म्हणजे कॉलेजमध्ये फारसं शिकवून व्हायच्या आधीच. तेव्हा कंपन्या आधीचे मार्क, कामाचा अनुभव, सीए किंवा सीएफएची तयारी बघतात. सीएफएची पहिली पातळी पदवीचं शिक्षण सुरू असतानाही देता येते. प्रवेशाआधीचे रिकामे महिने म्हणूनच महत्त्वाचे.

प्रवेश निश्चित करण्याआधी काय विचाराल?

गेल्या दोन बॅचमध्ये तुम्हाला हव्या त्या कामासाठी किती जण घेतले गेले? त्यातल्या किती जणांकडे आधीपासून सीए किंवा अनुभव होता? मीडियन पगारात हातात येणारी रक्कम किती? हे प्रश्न प्लेसमेंट ऑफिसला विचाराच, पण मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या, आपल्यासारखीच पार्श्वभूमी असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांनाही विचारा. दोघांची उत्तरं जुळत नसतील, तर सीट स्वीकारण्याची फी भरण्याआधी आणखी दोन फोन करा.