दुकानावर कोण बसते?

गेल्या वैशाखात जळगावास पुतण्याच्या बिऱ्हाडी चार दिवस राहण्याचा योग आला. चिरंजीव तेथील एका खाजगी कारखान्यात हिशेबनीस आहेत, आणि दोन वर्षांपासून खानदेशी बिबडे व कळण्याचे पीठ पुण्या-मुंबईकडे पाठविण्याचा स्वतःचा उद्योगही त्यांनी आरंभिला आहे. नोकरी न सोडता उद्योग उभा केला म्हणून आप्तवर्गात त्यांची मोठी वाहवा आहे. धुळ्याहून निघताना मीही तेच कौतुक मनात घेऊन निघालो होतो.

पहाटे चारला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. पाहतो तो ती. वहिनी आणि सूनबाई शेगडीपुढे! भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ-तिखट घालायचे, आणि ऊन तापण्याच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर तो थापून काढायचा. खानदेशातील वैशाखात नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. चिरंजीव नऊला कामावर गेले. मग दिवसभर गिऱ्हाइकांचे दूरध्वनी घेणे, पुडे बांधणे, पत्ते लिहिणे, आणि मधूनच मुलांस जेवू घालणे, हे सर्व सूनबाईंनी केले. सायंकाळी मालक घरी आले व त्यांनी वही मांडली. वहीत ज्वारी होती, तीळ होते, गॅस होता, टपालहशील होता. दोघींचे श्रम मात्र कोणत्याच रकान्यात नव्हते. मी विचारले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, “काका, घरचेच तर आहे सारे!”

नोकरी सांभाळून उद्योग करणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपल्याकडे आवर्जून दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. नोकरीत असतानाच ते मुंबईस सायकली विकत घेत आणि बेळगावास धाडीत. बेळगावास त्या विकीत कोण? त्यांचे बंधू रामुअण्णा. पुढे बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, आणि लोखंडाने जमीन नासते असे समजणाऱ्या शेतकऱ्यांस तो विकण्यास दोन वर्षे घालविली. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. ही कथा सांगताना आपण लक्ष्मणरावांची जिद्द सांगतो, ते ठीकच. परंतु शिक्षक मुंबईस वर्गात उभा असता बेळगावास दुकानावर कोणीतरी बसत होते, हे विसरतो. त्या पेढीने मात्र ते विसरले नाही. तिचे नावच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ असे पडले.

सर्वच जण हा मार्ग धरीत नाहीत, हेही खरे. वाकोदच्या भवरलाल जैनांनी सरकारी अधिकारपदाची संधी नाकारून १९६३ साली जळगावात सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्री आरंभिली. सरकारी नोकरास तर दोन्ही गोष्टी एकदम करता येतच नाहीत, पूर्वपरवानगीवाचून व्यापारास मनाई आहे. पत्नीच्या नावावर दुकान घातले तरी ते कळवावे लागते. खाजगी नोकरानेही आपले नेमणूकपत्र एकदा नीट वाचून पाहावे. पुष्कळांनी ते रुजू झाल्या दिवशीच पेटीत ठेवलेले असते!

पण मूळ प्रश्न वहीतील रकान्याचा. याज्ञवल्क्य स्मृतीत ‘संभूयसमुत्थान’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे: एकत्र व्यापार करणाऱ्यांनी लाभ-हानी ज्याच्या त्याच्या द्रव्याच्या प्रमाणात, किंवा आधी ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावी. १९३२ चा भागीदारीचा कायदाही वेगळा करार नसेल तर भागीदारांचा नफा समसमान धरतो, मात्र धंद्यात राबल्याबद्दल वेगळा मेहनताना देत नाही. तो हवा असल्यास तसे ठरवून घ्यावे लागते. सूनबाईंशी तर काहीच ठरलेले नव्हते. ना भागीदारी, ना मेहनताना.

मी चिरंजीवांस म्हटले, “एक बाई कामास ठेवली असतीस, तर तिला काय दिले असतेस? तेवढी रक्कम वहीत घाल, आणि मग नफा सांग.” त्याने रात्री आकडे मांडले. नफा जवळजवळ निम्म्यावर आला. पुढल्या वर्षी नोकरी सोडण्याचा त्याचा जो बेत होता, तो आणखी दोन वर्षे लांबला. चेहरा उतरला खरा, पण ही गोष्ट राजीनामा दिल्यानंतर कळण्यापेक्षा आधीच कळली, हे बरे नव्हे काय?

दिवाळीत त्याचे पत्र आले. सूनबाईंच्या नावे बँकेत खाते उघडले असून दरमहा ठरलेली रक्कम तेथे जमा होते. ती. वहिनींनी मात्र पैसे घेण्याचे साफ नाकारले. त्यांचे म्हणणे एवढेच, “भाऊजी, मला पैसे नकोत, पहाटेची पूजा निवांत करू द्या.” त्यासाठी एक बाई कामास ठेवावी लागेल. ती अजून ठेवलेली नाही.