चौकटीबाहेर राहिलेली ओळ

पुस्तकाची पाने संगणकावर जुळविली जाऊ लागली त्यास आता चाळीस वर्षे होऊन गेली. पेजमेकर १९८५ साली आले, इनडिझाइन १९९९ साली. पुढे कोणासही विनामूल्य वापरता येणारे स्क्रायबस आले. या साधनांपुढे आजवर माणूस बसत असे. आता कृत्रिम बुद्धीच्या एजंटास ‘ही वही घे आणि याची पाने कर’ असे सांगितले, की तो स्वतःच एकामागून एक आज्ञा देत काम उरकू पाहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केल्यापासून तर एजंटाच्या हाती बाहेरची हत्यारे देणे पुष्कळच सुलभ झाले आहे. त्या पद्धतीत प्रत्येक हत्यारास नाव, थोडेसे वर्णन आणि त्यास काय पुरवावयाचे याचा तक्ता जोडतात. हे वर्णन बहुधा सर्वांत शेवटी आणि घाईने लिहिले जाते. आमची तक्रार आहे ती एवढीच; परंतु ती क्षुल्लक नाही.

आमच्या वडिलांच्या बंदिशींच्या वह्या छापावयाच्या म्हणून आम्ही असा एजंट कामास लाविला. लेखन भातखंडे पद्धतीचे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राचा बिंदू खाली, तारसप्तकाचा वर. एक चिन्ह गळले तर राग बदलतो, म्हणून आम्ही चिन्हांवर डोळा ठेवून होतो. चिन्हे सर्व जागच्या जागी आली. गेली ती एका अंतऱ्याची शेवटची संपूर्ण ओळ! चौकट अपुरी पडली आणि ती ओळ आत दडून राहिली. एजंटाने मात्र काम पूर्ण झाल्याचे कळविले. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्हीच हत्याराचे वर्णन ‘चौकटीत मजकूर भरणे’ एवढेच लिहिले होते. मजकूर न मावल्यास काय होते, याविषयी अक्षरही नव्हते.

वास्तविक उपाय हाताशी होता. स्क्रायबसच्या पायथॉन आज्ञांत ‘टेक्स्टओव्हरफ्लोज’ नावाची आज्ञा आहे. चौकटीबाहेर किती अक्षरे राहिली, हे ती आकड्यात सांगते. चौकटी एकमेकींस साखळीने जोडलेल्या असल्या, तर साऱ्या साखळीचा हिशेब घ्यावा की एकाच चौकटीचा, हेही तिला सांगता येते. प्रत्येक भरणीनंतर हा प्रश्न विचारावा, असे एक वाक्य आम्ही लिहावयास हवे होते.

अशी न लिहिलेली वाक्ये पुष्कळ आहेत. चौकटीची लांबीरुंदी कागदपत्राच्या चालू मापात, म्हणजे बहुधा मिलिमीटरमध्ये. अक्षराचा आकार मात्र पॉइंटमध्ये. देवनागरी जोडाक्षरे स्क्रायबसच्या जुन्या १.४ मालिकेत नीट जुळत नसत, ती २०२४ साली आलेल्या १.६ मध्ये जुळतात. म्हणून आवृत्तीचा आकडा नमूद केलाच पाहिजे. सरावलेल्या जुळाऱ्यास हे हाताने ठाऊक असते. एजंटापाशी तो हात नाही. त्याच्यापाशी आपले शब्द आहेत.

कोणी म्हणतील, पुढचे एजंट पानाचे चित्र पाहून स्वतःच चूक ओळखतील. काही चुका ओळखतील, हे खरे. परंतु गळलेली ओळ पानावर डाग ठेवून जात नाही. पान उलट अधिकच नेटके दिसते. दुसरा आक्षेप असा, की लांबलचक वर्णनांनी एजंटाचे लक्ष विखुरते. तोही मान्य. म्हणून आम्ही पाल्हाळ मागत नाही. माप कोणते, आधी काय झालेले असावे, फसल्यास काय दिसते, आणि काम झाले हे कशावरून ताडावे, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक हत्यारापुढे चार ओळींत द्यावीत, एवढेच आमचे मागणे आहे.

बडोद्याच्या वाचकांस हे नवे वाटू नये. याच नगरीत १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि स्वरलेखन शिकविले जाऊ लागले. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली, तीत पंडित भातखंड्यांचा मोठा वाटा होता. घराण्यात जन्मलेल्यास जे सांगावे लागत नव्हते, ते बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी लिहून ठेवणे हेच त्यांचे कार्य. लिहावयाचे ते न जाणणाऱ्यासाठी, हा धडा आम्हांस मिळून शतक लोटले.

ती ओळ आम्हांस मुखोद्गत होती, म्हणून चूक सापडली आणि छपाई थांबविता आली. आणखी एका पिढीने ज्याच्या हाती त्या वह्या येतील, त्याने तो अंतरा ऐकलेला नसेल. त्याच्या दृष्टीने छापलेले पान हीच बंदिश राहील.