गाडी आधी सांगते, ऐकायला कोणी तयार नसते

आमच्या बांधवांपैकी ज्यांचा धंदा चाकावर आहे त्यांची संख्या थोडी नाही. बांगड्या-कटलरीवाले, चादरी-कापडवाले, फळवाले, उरूस आणि आठवडे बाजार करीत फिरणारे मिठाईवाले, यांच्यापैकी कित्येकांची गाडी हेच दुकान, हीच कोठी आणि हीच रात्रीची पथारी असते. पूर्वी मॅटॅडोर होती, 1986 साली टाटा 407 आली, 2005 नंतर छोटा हत्ती आला. गाड्या बदलल्या, सवय बदलली नाही. काचेवर 786, मागे माशाअल्लाह, बाजूला रंगीत पट्टे यांवर हात सैल सोडून खर्च होतो. मिस्त्रीकडे जायचा विषय निघाला की 'सीझन होऊ दे, मग बघू' असे उत्तर मिळते.

आमच्या परिचयाचे एक कापडाचे व्यापारी असेच म्हणाले होते. ईदच्या आधीचे दिवस, कऱ्हाडहून कोकणात माल उतरवायचा होता. गाडी चालविणारा मुलगा आठवडाभर सांगत होता, "चाचा, ब्रेकचं पॅडल खाली जातंय." चाचांनी ब्रेक ऑइल भरायला सांगितले. दोन दिवसांनी पुन्हा भरले. कुंभार्ली घाट उतरताना पॅडल थेट जमिनीला टेकले. मुलाने प्रसंगावधान राखून गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि डोंगराच्या बाजूला घासवली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचले, माल मात्र गेला. मागच्या चाकाच्या सिलेंडरचे रबर गेले होते. टायरची आतली बाजू तेलाने ओली झाली होती, पण वाकून पाहिले कोणी नव्हते.

ब्रेक ऑइल हे डिझेलसारखे जळून संपणारे तेल नव्हे. ते वारंवार कमी होते याचा अर्थ कुठून तरी गळते आहे. पॅडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा आहे. दाबून धरले असता हळूहळू खाली सरकले तर मास्टर सिलेंडर संशयित. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली तर एखादे चाक काम करीत नाही, आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर लायनर संपले. आणखी एक गोष्ट पुष्कळ चालकांना ठाऊक नसते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. जुने झालेले तेल लांब उतारावर तापून उकळते, नळीत वाफ धरते आणि वाफ दाबली जात असल्याने जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्या शहाण्यांना काय म्हणावे!

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. आधी हवेचा फिल्टर पाहावा, मग पंप-नोझल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीत सकाळी निघणारा पांढरा धूर गाडी तापल्यावर थांबला तर काळजी नको. थांबला नाही आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावे. ऑइलची पट्टी ओढल्यावर तेल दुधाळ दिसले तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. ऑइलचा लाल दिवा लागला तरी तेच, 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणून इंजिन बसविलेले कितीतरी लोक आम्ही पाहिले आहेत. 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत दिवे वाढले, आणि त्यांवर चिकटपट्टी लावणारेही वाढले.

बाकी चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, हा क्लच. गाडी उचलताना खालून 'टक्' होते, हा क्रॉस. थांबल्यावर चारपैकी एकाच चाकाचा हब चटका देतो, तिथे बेअरिंग किंवा धरून बसलेला ब्रेक.

आमचे स्पष्ट मत असे की, ही लक्षणे मालकाच्या आधी नोकराला कळतात. तो सांगतो, आणि कामचुकार ठरतो. ज्याच्या हाती आपण लाखाचा माल आणि स्वतःचा जीव देतो, त्याला गाडी उभी करण्याचा अधिकार का नसावा? त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही एवढे त्याला सांगून ठेवले तरी पुरे.

दुसरे बोल आमच्या मिस्त्री बांधवांना आहेत. गॅरेजचा हुन्नर पिढ्यान्पिढ्या आपल्या हातात आहे. पण गाडी विकायची म्हटली की घट्ट ऑइल घालून निळा धूर आणि इंजिनचा आवाज चार दिवस दाबून देणारेही आपल्यातच आहेत. बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलेपणा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) गोष्ट या मंडळींनी ऐकलेली नाही असे नाही. घेणारा तीच गाडी पोराबाळांसह घाटात नेणार असतो.

आमच्या त्या परिचितांनी आता गाडीत एक वही ठेवली आहे. किती डिझेल भरले, किती किलोमीटर झाले, ऑइल आणि पाणी किती घातले, एवढेच त्यात लिहिलेले असते. व्यापाऱ्याला वही काही नवी नव्हे. मागच्या महिन्यात लिटरमागे दोन किलोमीटर कमी पडताहेत असे त्यांना दिसले. चालकाने चाके वर उचलून फिरवून पाहिली, तर पुढचे उजवे चाक ब्रेकने धरून ठेवले होते. काम अर्ध्या दिवसात झाले आणि गाडी जुम्म्याच्या नमाजनंतर बाजाराला निघाली.