रंगभूमीवरील राण्या आणि हिशेबाची वही

एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतील (१५५८–१६०३) इंग्रजी रंगभूमीचे गोडवे गाताना नाटककारांची नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्युलिएट आणि पोर्शिया प्रथम ज्यांच्या मुखातून बोलल्या, ती मिसरूड न फुटलेली मुले होती, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६० पर्यंत स्त्रीला स्थान नव्हते. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांचे मराठी प्रेक्षकाला नवल वाटणार नाही. तेथे मात्र हा भार मुख्यतः किशोरवयीन मुलांच्या खांद्यांवर असे.

ही मुले येत कोठून? नटांचा स्वतःचा व्यवसायसंघ नव्हता. म्हणून शेक्सपिअरच्या मंडळीतील जॉन हेमिंग्ज हा नट, किराणा व्यापाऱ्यांच्या संघाचा सदस्य या नात्याने, मुलांना त्या संघाचे उमेदवार म्हणून नोंदवी आणि प्रत्यक्षात ती रंगभूमीवर उभी राहत. निदान येथे कराराचे काही बंधन तरी होते. नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या वहीत याहून रोखठोक व्यवहार नोंदलेला आहे. डिसेंबर १५९७ मध्ये त्याने जेम्स ब्रिस्टो नावाचा मुलगा एका नटाकडून ८ पौंडांना विकत घेतला. पुढे नाटक मंडळीकडून या मुलाचे वेतन म्हणून तो आठवड्याला ३ शिलिंग घेऊ लागला. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे गुंतवलेले १६० शिलिंग सुमारे ५३ आठवड्यांत वसूल! पोराचे अन्नवस्त्र वजा केले, तरी सौदा तोट्याचा नव्हता.

राजाश्रयाखालील बालमंडळींची रीत तर याहूनही कठोर होती. राजप्रासादातील प्रार्थनामंदिरासाठी गाणारी मुले सक्तीने नेण्याची सनद तेथील गायनप्रमुखास होती. तिचा आधार घेऊन ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहासाठी मुले पकडण्यात येऊ लागली. डिसेंबर १६०० मध्ये थॉमस क्लिफ्टन हा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवरूनच उचलला गेला. त्याच्या हाती पाठांतराचा कागद देण्यात आला आणि पाठ न केल्यास चाबकाची धमकी. त्याचे वडील हेन्री क्लिफ्टन प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांनी राजदरबारातील एका वजनदार मंत्र्याकडून हुकूम मिळवला, तेव्हा मुलगा सुटला. १६०१ मध्ये त्यांनी स्टार चेंबर न्यायालयात फिर्यादही केली.

त्या फिर्यादीत अशा इतर मुलांचीही नावे आहेत. त्यांपैकी नेथन फील्डचे वडील नाटकांना विरोध करणारे धर्मोपदेशक होते. पण ते आधीच निवर्तले होते. हा मुलगा पुढे नामवंत नट आणि नाटककार झाला. सॉलोमन पेव्ही मात्र वृद्धांच्या भूमिकांत नाव कमावून १६०२ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षाच्या सुमारास वारला. बेन जॉन्सनने त्याच्यावर मृत्युलेख रचला, म्हणून त्याचे नाव उरले.

फील्डच्या यशाकडे बोट दाखवून या पद्धतीचे समर्थन करता येईल काय? मुळीच नाही. एकाच्या उत्कर्षाने सर्वांवरील सक्ती न्याय्य ठरत नसते. वजनदार पिता असलेला सुटला आणि निराधार तेथेच राहिला. या व्यवस्थेचे खरे स्वरूप एवढ्यावरून उघड होते.

१६०६ मध्ये नव्या सनदेने प्रार्थनामंदिरातील मुलांना नाटकात वापरण्यास बंदी केली खरी. परंतु तिचे कारण काय दिले गेले? ईश्वराची स्तुती गाणाऱ्यांनी अशा हीन खेळांत पडणे शोभत नाही! मंदिराची प्रतिष्ठा सांभाळली गेली. मुलांच्या संमतीचा प्रश्न कोणाला सुचलाही नाही. त्या रंगभूमीचे वैभव वादातीत आहे. मात्र ते मोजताना हेन्स्लोच्या वहीतील त्या ८ पौंडांची नोंदही खर्चाच्या बाजूस मांडली पाहिजे.