स्वस्त मिनी कॉम्प्युटर घेताय? रॅम नंतर विचारा, आधी ड्रायव्हर विचारा

डिजिटल मेनू बोर्डच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "सर, तीन-चार हजारांचा छोटा बॉक्स घेतला, त्यात लिनक्स टाकलं आणि टीव्हीला लावला, तर धंदा होईल का?"

धंदा होईल. वणीत मेस आहेत, कोचिंग क्लास आहेत, सराफ आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत, सगळ्यांना भिंतीवर हलतं चित्र पाहिजे. पण बॉक्स घेताना बहुतेक जण रॅम किती, प्रोसेसर किती कोरचा आणि डब्यावर ४के लिहिलंय का, एवढंच बघतात. माझ्या मते या तिन्ही गोष्टी नंतरच्या. पहिला प्रश्न असा पाहिजे की आतल्या चिपमधल्या ग्राफिक्सला लिनक्समध्ये ड्रायव्हर आहे का, आणि तो कोण सांभाळतं. याचं उत्तर नसेल तर बॉक्स फुकट मिळाला तरी घेऊ नका.

ज्यांना याची गरजच नाही त्यांचं आधी मोकळं करतो. तुमचं एकच दुकान आहे आणि एकच टीव्ही आहे, तर पेनड्राइव्ह लावा आणि विषय संपवा. मेनू म्हणजे फक्त स्थिर फोटो असेल तर कोणताही बॉक्स चालेल, कारण स्थिर फोटो दाखवायला ग्राफिक्सची ताकद लागतच नाही. आणि बिलिंगसाठी विचारत असाल तर टॅली विंडोजवर चालतं, आर्म चिपच्या लिनक्स बॉक्सवर नाही. तिथे जुना इंटेलवाला ऑफिसचा छोटा डेस्कटॉप बघा. पुढचं सगळं लिहितोय ते पाच-दहा दुकानांना स्क्रीनची सर्व्हिस देऊन महिन्याला पैसे घेणाऱ्यांसाठी.

आपल्या बॅचमधल्या एका मुलानं सहा स्क्रीन लावल्या. बॉक्स अँड्रॉइडचे होते. दुकानात व्हिडिओ मस्त चालायचा, पण लाइट जाऊन आली की स्क्रीनवर होम पेज आणि जाहिराती, तेही गिऱ्हाईकासमोर. म्हणून त्यानं कार्डवर लिनक्स टाकून तेच बॉक्स पुन्हा लावले. आता बॉक्स सुरू झाला की थेट मेनू यायला लागला, पण व्हिडिओ तुटायला लागला. मला फोन: "सर, डबा तोच, टीव्ही तोच, अँड्रॉइडवर तर पळत होता, मग आता काहून अटकते?" विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, टीव्ही खराब असेल. सहापैकी दोन स्क्रीन मारेगावला होत्या. प्रत्येक चकरेला पेट्रोल आणि अर्धा दिवस. सर्व्हिसच्या धंद्यात कमाई जाते ती या चकरांत.

अटकतं का, ते समजून घ्या. या छोट्या चिपमध्ये प्रोसेसर असतोच, शिवाय दोन वेगळे कारागीर असतात. एक चित्र काढतो: खिडक्या, सरकणारी पट्टी, ब्राउझरमधलं ॲनिमेशन. दुसरा दाबून बसवलेली व्हिडिओ फाइल उलगडतो. अँड्रॉइड बॉक्समध्ये बनवणाऱ्यानं दोघांचे ड्रायव्हर भरून दिलेले असतात, पण ते बंद असतात आणि त्याच अँड्रॉइडला, त्याच कर्नलला बांधलेले असतात. तुम्ही लिनक्स टाकलं की दोन्ही कारागीर जागेवर असतात, पण त्यांच्याशी बोलायची भाषा कोणाला येत नाही. मग सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर पडतं. तो करतो, पण धापा टाकत.

आपल्या महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण आहे. 'आकाश' टॅबलेट आठवतो? आकाश-२ नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आला. आयआयटी मुंबईकडे प्रकल्पाची जबाबदारी होती, प्रा. दीपक फाटक त्याचं नेतृत्व करत होते. सरकारला एक टॅबलेट २,२६३ रुपयांना पडला. आत ऑलविनर कंपनीची ए-१३ चिप, १ गिगाहर्ट्झचा आर्म प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. टॅबलेट अँड्रॉइडवर चालायचा, आणि पवईतल्या टीमनं त्यावर लिनक्सही चालवून दाखवलं. स्वस्त आर्म मशीनवर लिनक्स, म्हणजे आज तुम्ही जे करायला निघालात तेच.

त्या चिपमध्ये चित्र काढणारा भाग होता आर्म कंपनीचा माली-४००. त्याचा खुला ड्रायव्हर तेव्हा वापरण्याजोगा नव्हता. लुक फेरहागेन या प्रोग्रामरनं 'लिमा' नावानं काम सुरू केलं होतं, २०१२ च्याच सुरुवातीला ब्रसेल्सच्या फॉसडेम परिषदेत ते मांडलंही होतं. कंपनीनं कागदपत्रं दिली नव्हती, म्हणून चिप काय करते ते बाहेरून बघून बघून ड्रायव्हर लिहायचा होता. हा लिमा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये कधी आला? ५.२ आवृत्तीत, जुलै २०१९ मध्ये. म्हणजे आकाश-२ आल्यावर जवळपास ७ वर्षांनी. तोवर मशीन कपाटात गेलेलं असतं.

मला यात आयआयटीच्या टीमची चूक दिसत नाही. त्यांनी वरचं सगळं करून दाखवलं, पण तळाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. तुमच्या-माझ्या दुकानाचं तर विचारूच नका.

त्याच ५.२ कर्नलमध्ये मालीच्या पुढच्या पिढ्यांसाठीचा 'पॅनफ्रॉस्ट' आला. तो सुरू करणारी ॲलिसा रोझेनझ्वाइग तेव्हा शाळेत शिकत होती. (आपल्याकडे मुलगी कॉम्प्युटरवर बसली की गेम खेळते म्हणून ओरडतात.) पुढे आर्मनंही मदतीचा हात दिला आणि वेग वाढला. तरी अंतर राहतंच. आरके-३५८८ घराण्याची चिप असलेला ऑरेंज पाय ५ बाजारात आला २०२२ च्या शेवटी. त्याच्या नव्या मालीसाठीचा 'पॅनथॉर' ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आला ६.१० आवृत्तीत, जुलै २०२४ मध्ये. आणि चित्राचा ड्रायव्हर आला म्हणजे व्हिडिओचा आला असं नाही. तो वेगळे लोक लिहितात, वेगळ्या पैशातून. ऑलविनरच्या व्हिडिओ भागासाठी तर २०१८ मध्ये बूटलिन या फ्रेंच कंपनीनं लोकांकडून वर्गणी गोळा करून काम केलं!

म्हणून मी सांगतो, नवीन चिपच्या मागे लागू नका. कपड्याच्या दुकानात नवा माल आधी उचलावा, इथे उलटं आहे. बाजारात येऊन तीन-चार वर्षं झालेली आणि खुला ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये गेलेली चिप घ्या. आकडे कमी दिसतील, चकरा कमी होतील.

रास्पबेरी पाय महाग का वाटतो, त्याचं उत्तर इथेच आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो आला तेव्हा त्याचंही ग्राफिक्स बंदच होतं. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ब्रॉडकॉमनं त्याची कागदपत्रं खुली केली आणि पुढे खुला ड्रायव्हर लिहायला एरिक अँहोल्ट यांना नोकरीवर घेतलं. पाय ४ जून २०१९ मध्ये खुल्या ड्रायव्हरसकटच आला. जास्तीचे हजार-दोन हजार आपण त्या कामाचे देतो, हिरव्या पट्टीचे नाही.

पण पायमध्येही डोळे झाकून सगळ्यात नवा घेऊ नका. पाय ४ मध्ये एच.२६४ व्हिडिओ १०८०पी पर्यंत हार्डवेअरवर उलगडतो. २०२३ च्या पाय ५ मधून तो भागच काढून टाकला, फक्त एच.२६५ चा ठेवला. पाय ५ चा प्रोसेसर तगडा आहे, एच.२६४ तो स्वतः ओढून नेतो, पण गरम होतो. आता तुमचे गिऱ्हाईक काय पाठवतात? कॅनव्हात बनवलेली एमपी४, व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप. ती बहुतेक एच.२६४ च असते. मेनू बोर्डसाठी माझी पसंती आजही पाय ४ ला आहे. यूट्यूब लावायचं असेल तर मात्र जपून, कारण यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी९ मध्ये व्हिडिओ पाठवतं आणि पाय ४ मध्ये त्याचं हार्डवेअर नाही. फाइल कार्डवर ठेवून चालवा.

आणि गरम होण्याची गोष्ट पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. बॉक्स टीव्हीच्या मागे चिकटवलेला, वर पत्रा, बाजूला मेसची भट्टी. पायची चिप ८० अंशांपुढे गेली की स्वतःचा वेग कमी करते. हार्डवेअर काम करत असेल तर प्रोसेसर निवांत, चिप थंड. सगळं प्रोसेसरवर असेल तर जानेवारीत पास झालेला बॉक्स एप्रिलमध्ये अडखळतो. विदर्भात ग्राफिक्स ॲक्सिलरेशन हा उन्हाळ्याचा प्रश्न आहे, चैनीचा नाही.

दुकानात घ्यायला गेलात की डब्याचं नाव सोडा, चिपचं नाव विचारा. एकाच नावाच्या डब्यात कधी वेगळी चिप निघते. सहा घ्यायचे असतील तर आधी एकच घ्या. लिनक्स टाका आणि 'जीएलएक्सइन्फो' ही कमांड चालवून 'रेंडरर' पुढे काय येतं ते वाचा. पॅनफ्रॉस्ट, माली-४००, व्ही३डी असं काही आलं तर चित्राचा ड्रायव्हर आहे. 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर सगळा भार प्रोसेसरवर आहे, बॉक्स परत करा. मग स्वतःची व्हिडिओ फाइल लावा, दुपारी, पंखा बंद करून, दोन तास. प्रोसेसर किती टक्के चालतोय आणि तापमान किती, दोन्ही लिहून ठेवा. चारही कोर भरलेले दिसले तर व्हिडिओचा ड्रायव्हर तरी नाही किंवा तुमचा प्लेअर तो वापरत नाही. आधी प्लेअर बदलून बघा, तरीही तसंच असेल तर चिप बदला.

एक काम कोटेशनमध्ये करा. 'कोणताही व्हिडिओ चालेल' असं लिहू नका. लिहा: १०८०पी, एच.२६४, एमपी४; दुसऱ्या फॉरमॅटची फाइल आम्ही बदलून देऊ, त्याचे पैसे वेगळे. एएमसीच्या रकमेत त्याच चिपचा एक जादा बॉक्स धरा आणि तो कार्डसकट तयार करून दुकानात ठेवा, म्हणजे मारेगावहून फोन आला की जाऊन फक्त बदलून यायचा.